कोरडा घास

त्या उन्हाळ्यात खडी फोडायच्या मशीनवरचं पाणी बंद झालं. एरवी दगड मशीनच्या जबड्यात पडायच्या आधी वरून बारीक फवारा सुटायचा आणि निम्मी धूळ जागच्या जागी बसायची. टाकी आटली तसा फवाराही थांबला. दगड कोरडाच भरडला जाऊ लागला. पत्र्याच्या खोल्या, दोरीवरचे कपडे, बाभळी, माणसांच्या भुवया, सगळ्यांना एकच रंग आला. मुकादम म्हणाला, पुढच्या आठवड्यात टँकर येईल. हे तो दर आठवड्याला म्हणायचा, आणि ऐकणारेही दर आठवड्याला मान हलवायचे.

खडीवरच्या माणसांची जेवायची तऱ्हा वेगळी होती. तोंडावर बांधलेलं फडकं हनुवटीखाली ओढायचं, पाव पाण्यात नाहीतर पातळ डाळीत बुडवायचा, घास आत टाकायचा, गिळायचा आणि फडकं पुन्हा वर घ्यायचं. चावायचं नाही. चावलं की दातांखाली दगडाची बारीक खर येते, कचकच होते, अंगावर काटा येतो आणि जेवणावरची वासनाच उडते. गिळलं तरी खर पोटात जातेच, पण निदान कळत नाही. नव्यानं कामावर आलेल्याला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायचं, चावू नकोस, गिळ. बोलण्याचंही तेच. मशीनच्या आवाजात बोलून उपयोग नाही आणि तोंड उघडावं तर धूळ आत. त्यामुळे सगळा कारभार हातांवर चालायचा. पाणी हवं तर अंगठा ओठांकडे, मुकादम येतोय तर दोन बोटं डोळ्यांकडे. भांडणंसुद्धा हातवाऱ्यांनीच व्हायची आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, काय छान नाचतायत.

ठिकरी या सगळ्यात वाढली. जन्मली तेव्हा एवढीशी होती, दगडाची उडालेली ठिकरीच जशी, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. आता शाळेत घालायच्या वयाची झाली होती. तिचा बाप मशीनच्या तोंडाशी उभा राहून अडकलेले दगड पहारीनं आत ढकलायचा. आई चाळणीपाशी असायची, खडीतून माती आणि वाकडेतिकडे तुकडे वेचून बाजूला टाकायची. बापाची म्हातारी आई खोलीच्या दारात बसून पोरीला सांभाळायची. पाव कुस्करून, डाळीत कालवून, त्याचा लगदा झाला की ती तो बोटानं पोरीच्या जिभेवर ठेवायची आणि पोर तो गिळायची. म्हातारीला स्वतःला दात नव्हते, त्यामुळे जगात चावण्यावाचून कुणाचं काही अडतं असं तिला वाटतच नव्हतं.

ठिकरीचं तोंड सदा उघडं असायचं. खालचा जबडा सैल, बिजागरी ढिली झालेल्या दारासारखा लोंबता. लाळ गळून तिचं फडकं ओलं व्हायचं आणि ओल्यावर धूळ बसून त्याचा चिखल व्हायचा. ओठ मिटतच नसत, म्हणून शब्दही होत नसत. आई असं म्हणायचं तेव्हा आ, पाणी हवं तेव्हा आ, आजीला हाक मारायची तेव्हाही आ. घरात कुणाचं काही बिघडलं नाही, कारण हातांनी ती सगळं सांगायची, अगदी मुकादमाची नक्कलसुद्धा करायची. अडलं ते बाहेर पडल्यावर.

रस्त्याच्या पलीकडे बालवाडी होती. तिथं धूळ कमी, पंखा होता, फरशी रोज पुसली जायची. उन्हाळाभर पोरीला तिथं बसवायचं आणि मग पुढं शाळेत, असं ठिकरीच्या आईनं मनाशी ठरवलं होतं. नवऱ्याचा खोकला ती रोज ऐकत होती. खोकून झाल्यावर तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा, तेव्हा त्याच्याकडे बघवत नसे. तो खोकला पोरीच्या छातीत शिरायच्या आत तिला रस्त्यापलीकडे पोचवायचं होतं. तिला बाकी काही नको होतं.

आणि पहिल्याच आठवड्यात ठिकरी परत आली. बालवाडीत कुणाचा तरी वाढदिवस होता, मुलांना सफरचंदाच्या फोडी वाटल्या. बाकीची पोरं कराकरा खाऊ लागली. ठिकरीनं आजवर जे केलं तेच केलं, अख्खी फोड तोंडात घातली आणि गिळली. बालवाडीच्या बाईंनी तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा ती फोड बाहेर आली. दात लागल्याची एक खूण त्या फोडीवर नव्हती. बाईंनी ती रुमालात ठेवली होती. ठिकरीच्या आईला बोलावून त्यांनी रुमाल उघडून दाखवला.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आईला वाटलं. त्या म्हणाल्या, इतक्या पोरांत मी आणि एक मदतनीस, पुन्हा असं झालं आणि माझी पाठ असली तर? तिला घशात अडकल्याचं सांगताही येत नाही. ती चावायला शिकली, हवं-नको तोंडानं सांगायला लागली, की त्याच दिवशी घेऊन या, तिची जागा मी कुणाला देणार नाही. मग मोठ्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या, बोलण्याच्या बाई बसतात, त्यांच्याकडे जा असंही सांगितलं.

दवाखान्यात जायचं म्हणजे कामाचा दिवस बुडवायचा. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, बोलत नाही तर तुझा फायदाच आहे, माझ्या घरी येऊन बघ. आसपासच्या बायका फडक्यांआड हसल्या. तीही हसली, कारण सुट्टी हवी होती.

बोलण्याच्या बाई तरुण होत्या, केस आखूड, आवाज खर्जातला. त्यांनी ठिकरीला समोर बसवलं, तिच्या तोंडात डोकावल्या, गालांवरून बोटं फिरवली, हनुवटीखाली बोट आणि खालच्या ओठाखाली अंगठा ठेवून जबडा हळूच मिटवला आणि सोडला. पुन्हा मिटवला. कान तपासले होते का विचारलं. मग पावाचा लांबट तुकडा घेऊन जिभेवर न ठेवता गालाच्या बाजूला, दाढांच्या मधे धरला. ठिकरीनं तो जिभेनं मधे ओढून घेतला आणि गिळायला बघितलं. बाईंनी तुकड्याचं टोक सोडलं नव्हतं, म्हणून तो तसाच बाहेर आला.

"घरी जेवताना हिनं कुणाला चावताना बघितलंय?" बाईंनी विचारलं.

ठिकरीच्या आईनं एकेक तोंड आठवून पाहिलं. सासूला दात नाहीत. नवरा फडक्याआड गिळतो. ती स्वतः गिळते. शेजारपाजारचेही गिळतात. मग तिनं खडीवरची जेवायची तऱ्हा सांगितली, अगदी हळू, जणू घरातली चोरी कबूल करतेय. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पोरीचे स्नायू ढिले आहेत, त्यात तिला कधी कामच पडलं नाही. जबडा ताब्यात येईल, पण त्याला रोज काम द्यावं लागेल. चावायला लागली म्हणजे लगेच घडाघडा बोलेल असं मी म्हणत नाही. पण तोंड उघडायचं किती आणि मिटायचं कसं हे तिच्या हातात आलं की शब्द धरता येतील.

मग त्यांनी करून दाखवलं. पोरीला ताठ बसवायचं, पाय टेकलेले हवेत. घास लांबट हवा, एका बाजूला दाढांवर ठेवायचा, मग दुसऱ्या बाजूला. हनुवटीखाली बोटांचा आधार. आधी मऊ, मग जरा चिवट, मग कडक. घाई अजिबात नको आणि तिला एकटीला खायला सोडायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, समोर बसून, तोंड उघडं ठेवून तुम्ही चावायचं, तिला बघू द्यायचं, तिचा हात तुमच्या जबड्यावर ठेवायचा. "तिनं माणसाचं तोंड बघितलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

आता खडीवर तोंड कुठं उघडायचं? खोलीत पत्र्याच्या फटीतून धूळ यायची. फडक्याशिवाय बसून जेवता येईल अशी एकच जागा होती, खाणीच्या उंचवट्याच्या पाठीमागची आटलेली टाकी. तिच्या भिंतीआड वारा लागत नसे. पण तिथं जाऊन यायचं म्हणजे जेवणाची निम्मी सुट्टी चालण्यातच जायची. पहिल्या दिवशी ती पोरीला कडेवर घेऊन धावतच गेली, घसा कोरडा पडला, आणि तिथं बसून तिनं पावाचा तुकडा स्वतःच्या तोंडात घातला. ठिकरीचा तळवा आपल्या जबड्यावर ठेवला. आणि पोरीकडे बघून हसेपर्यंत घास पोटात गेलासुद्धा.

दुसरा घास घेतला, तोही गेला. जबडा हललाच नाही. तिसऱ्या घासाला तिनं डोळे मिटले, लहानपणी माहेरी आपण कसं खायचो ते आठवायचा प्रयत्न केला, आणि मुद्दाम, एखादं विसरलेलं काम पुन्हा हातात घेतल्यासारखं, चावायला लागली. कानाच्या पुढं कळ आली. ठिकरी मात्र बघतच नव्हती. तिनं स्वतःचं फडकं परत तोंडावर ओढून घेतलं होतं. उघड्यावर कुणापुढं तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती, एवढ्याशा पोरीला. आईनं फडकं काढलं की ती दोन्ही हातांनी तोंड झाकायची. आईनं हात खाली घेतले. ही लाज तिला आपणच शिकवली होती, रोज सकाळी गाठ मारून.

भोंगा वाजला तेव्हा ती अजून उंचवट्यावरच होती. उशीर होत राहिला. मुकादम काही दिवस घड्याळ दाखवत राहिला, मग त्यानं तिला चाळणीवरून काढलं आणि पाट्या उचलायला लावलं. चाळणीचं काम बसून करायचं होतं. पाटी म्हणजे डोक्यावर खडी, फळीवरून वर चढायचं, ट्रकमध्ये ओतायची, उतरायचं. संध्याकाळी तिला मान फिरवता येईना. म्हातारी तेल चोळताना म्हणाली, कशाला हा खटाटोप, माझा मुलगा पण उशिराच बोलायला लागला होता. सून म्हणाली, "आत्या, ते उशिरा बोलले. पण चावत होते ना?" म्हातारीनं तेलाचा हात थांबवला, विचार केला, आणि पुन्हा चोळायला लागली.

टाकीपाशी कामाला खळ नव्हता, फळही नव्हतं. ठिकरी आईचं बोट दोनदा कडकडून चावली, तेव्हा आई वेदनेनं कळवळली आणि आतून सुखावली, की चला, दात आहेत म्हणायचे. पण बोट चावणं वेगळं, घास चावणं वेगळं. घास तोंडात गेला की तोंड लोंबायचं, जीभ घास मागं ढकलायची, ठसका लागायचा. आई जबडा धरून मिटवायची, सोडायची. म्हणायची, चाव. पुन्हा म्हणायची, चाव. पाट्यांनी हात इतके भरून आलेले असत की पोरीच्या हनुवटीखाली बोटं थरथरायची. कधी कधी तिला पोरीचा राग यायचा, खरोखरचा राग, आणि मग त्या रागाची लाज वाटायची.

एक गोष्ट तिला कळत नव्हती. दुपारी पोर जवळपास उपाशी राहायची, तरी भुकेची नसायची. पावाकडे बघायचीसुद्धा नाही. मग एके दिवशी पाटी घेऊन मशीनच्या मागून जाताना तिला दिसलं. ठिकरीचा बाप पत्र्याच्या आडोशाला उकिडवा बसला होता आणि वाटीत कालवलेला लगदा बोटानं पोरीच्या जिभेवर ठेवत होता. टाकीकडे जायच्या आधीच. पोर गटागटा गिळत होती आणि बाप प्रत्येक घासाला मान हलवत होता.

तिनं पाटी तिथंच ओतली. संध्याकाळी खोलीत, म्हातारीसमोरच, विषय निघाला. तो म्हणाला, पोर वाळत चालली आहे, तुला दिसत नाही का, रोज ठसके, रोज रडणं, तुला तिकडे पाट्या, सगळं घर त्या पावाच्या तुकड्यावर टांगलंय.

"तिला भूक लागते," तो म्हणाला. "मला बघवत नाही."

"आणि मला तुमचा खोकला बघवत नाही," ती म्हणाली. "तिला त्यात बसवू? तुम्ही सांगा, बसवू का?"

हे तिला बोलायचं नव्हतं. घरात खोकल्याचं नाव कुणी काढत नसे. म्हातारी उठून उगाचच भांडी हलवायला लागली. त्याला ढास लागली आणि ती संपेपर्यंत तिघंही वाट बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच मशीनचा पट्टा तुटला. आवाज एकदम थांबला आणि सगळे चमकून वर बघायला लागले. पट्टा जोडेपर्यंत मशीनवरच्या माणसांना काम नव्हतं. पाटीवाल्यांना जेवायची सुट्टी झाली, ती पोरीला घेऊन टाकीकडे निघाली, तर मागून पावलं वाजली. ठिकरीचा बाप येत होता. चढावर पोरीला त्यानं स्वतःच्या कडेवर घेतलं.

टाकीच्या भिंतीला टेकून तो बसला आणि त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं, नुसतं खाली ओढलं नाही, गाठ सोडून बाजूला ठेवलं. ठिकरी बघत राहिली. झोपताना, अंधारात, त्याचं तोंड तिनं पाहिलं असेल. पण भर उजेडात जेवताना बापाचं अख्खं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं. फडक्याच्या वरचा चेहरा करडा आणि खालचा उजळ होता, आणि पुढचा एक दात निम्मा होता.

तो कधी तुटला, हे तिच्या आईला माहीत होतं. नवीन नवीन कामावर लागला तेव्हा कुणी सांगायच्या आधीच त्यानं भुकेपोटी करकचून घास चावला होता. त्यानंतर त्यानं कधीच घास चावला नाही.

त्यानं कोरडा पाव घेतला. पाण्यात बुडवायला हात आपोआप डब्याकडे गेला, तो त्यानं मागं घेतला. घास तोंडात घातला आणि चावला. टाकीच्या आड असली तरी धूळ ती धूळच, खर होतीच. कचकच आवाज बायकोलाही ऐकू आला. त्याचा चेहरा वाकडा झाला, डोळे बारीक झाले, पण तो थांबला नाही. ठिकरीचा हात त्यानं आपल्या जबड्यावर ठेवला. ती त्या आवाजाला आधी दचकली, मग हसली, मग दुसरा हातही त्याच्या गालावर ठेवला आणि आपलं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेऊन अगदी आत बघायला लागली.

"बघ," तो म्हणाला. "बापाचं मशीन चालू आहे."

आईनं पावाचा लांब तुकडा पोरीच्या दाढांवर ठेवला आणि हनुवटीखाली बोटं धरली. बोटांना काही जाणवलं नाही. मग जाणवलं. खालचा जबडा वर आला आणि दाबून राहिला, पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. वेडावाकडा, पण तिचा तिनं. ठिकरी चावता चावता एकदम थांबली. तिचं तोंड वाकडं झालं, अगदी बापासारखं. दोन बोटं आत घालून तिनं काहीतरी चाचपडत शोधलं, बाहेर काढलं आणि तळव्यावर ठेवून बापापुढं धरलं. लाळेत माखलेला, मोहरीएवढा दगड.

"खडा," ती म्हणाली.

शब्द घोगरा होता, शेवटचा डा जिभेवरून घसरला होता. पण तो आ नव्हता. बापानं तो दगड घेतला आणि बराच वेळ बघत बसला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच दगड बघतोय.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पट्टा जोडला गेला, तो परत मशीनवर गेला, पण लगद्याची वाटी बंद झाली. संध्याकाळी पंच्यानं तोंड पुसून, दार लावून, तो पोरीसमोर कोरडं खायला लागला. म्हातारीनं हिरड्यांनी चावायचं सोंग इतकं हुबेहूब केलं की ठिकरीला ठसका हसण्यानं लागला. अधेमधे गिळण्याची जुनी खोड वर यायची, पोर रुसायची, आई पाट्यांनी मोडून यायची आणि पोरीची हनुवटी धरून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. बोलण्याच्या बाईंनी पुन्हा तपासलं तेव्हा बटाट्यावरून गाजरापर्यंत मजल गेली होती, शिजवलेल्या गाजरापर्यंत. फुंकर मारायला, ओठ मिटून प म्हणायला दिलं होतं, तेही दहा वेळा फसून एकदा जमायला लागलं होतं. मुकादमानं चाळणीचं काम काही परत दिलं नाही.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा ती पोरीला घेऊन रस्त्यापलीकडे गेली. बालवाडीच्या बाईंनी ठिकरीला समोर बसवून बिस्कीट दिलं आणि स्वतः पुढं झुकून बसल्या, हात तयार ठेवून. ठिकरीनं बिस्कीट मोडलं, तुकडा एका बाजूला ठेवला आणि चावायला लागली. फार वेळ लागला. बाकीच्या पोरांची पाटीवरची दोन चित्रं पुसून झाली. ठिकरीचं गिळून झालं, तिनं तोंड उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बघत म्हणाली, "पानी." बाईंनी तिच्या आईकडे पाहिलं. सध्या खायच्या वेळी माझ्या शेजारी बसेल, त्या म्हणाल्या, आणि कडक काही मी देणार नाही, पण बसू दे.

आईनं मान हलवली. भोंगा व्हायला आला होता. त्या दिवशी तिनं पाट्या वाहिल्या, दुपारी बायकांबरोबर पत्र्याखाली जेवली, पाव बुडवला, गिळला आणि टाकीकडे जायचं नाही हे आठवून जरा वेळ तशीच बसून राहिली.

संध्याकाळी दिवेलागणीला घरातली सगळी जेवायला बसली. ठिकरीच्या फ्रॉकला फरशीच्या साबणाचा वास येत होता. आईच्या खांद्यातून कळा येत होत्या, डोळे उघडे ठेवणंही जड जात होतं. तिनं पाव पाण्यात बुडवला, तोंडात टाकला आणि नेहमीसारखा गिळला. दुसरा घास तोंडात घातला तोच एक लहानसा गरम तळवा तिच्या हनुवटीखाली येऊन बसला. बोट खाली, अंगठा ओठाखाली, बोलण्याच्या बाईंनी दाखवलं होतं अगदी तसा.

"चाव," ठिकरी म्हणाली.

आईनं तिच्याकडे बघितलं. पोरीचा हात हलला नाही. घास भिजलेला होता, त्यात चावण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तिच्यात त्राणही उरलं नव्हतं. तिनं चावलं. दातांखाली खर लागली, पण हात तिथंच होता, म्हणून ती चावत राहिली.